स्क्रीन फुटली, फायली शाबूत आहेत

मावसबहिणीचा लॅपटॉप टेबलावरून पडला, तेव्हा तिच्या प्रबंधाची शेवटची तीन प्रकरणं त्यात होती आणि फक्त त्यातच होती. पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी भेग गेलेली, एका कोपऱ्यातून शाई सांडावी तसा काळा डाग पसरलेला, बाकी सगळा अंधार. मला वाटलं, सोपं काम आहे. मागचे स्क्रू काढले, आतली एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी चिपची डिस्क, काढली, केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीने जोडता येणाऱ्या डबीत, घालून दुसऱ्या संगणकाला जोडली. आता फोल्डर उघडतील अशी खात्री होती. उघडली ती एक चौकट, ४८ आकडी किल्ली मागणारी. अशी काही किल्ली असते हेच तिला माहीत नव्हतं. तिचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

शेवटी एसएसडी पुन्हा जागेवर बसवली आणि लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला. तिने अंदाजाने नेहमीचा पिन टाइप केला, एंटर दाबलं, आणि टीव्हीवर तिचा डेस्कटॉप आला. तिन्ही प्रकरणं जिथल्या तिथे होती.

तेव्हापासून फुटक्या स्क्रीनच्या लॅपटॉपमधून फायली कशा काढायच्या असं कुणी विचारलं की मी आधी एवढंच सांगते: लॅपटॉप इतक्यात उघडू नका. स्क्रीन फुटलेला लॅपटॉप आतून बहुतेक वेळा धडधाकट चालू असतो. आणि आजकालच्या लॅपटॉपमध्ये फायलींना जे कुलूप असतं, ते उघडणारी किल्ली त्याच लॅपटॉपच्या पोटात असते. डिस्क बाहेर काढली की कुलूप तुमच्या हातात येतं आणि किल्ली मागे राहते.

लॅपटॉपचं झाकण उघडल्यावर वरच्या भागात असतं ते काचेचं पॅनेल, त्याच्या मागे उजेड देणारा बॅकलाइट आणि बिजागरीतून खाली मदरबोर्डकडे, म्हणजे मुख्य सर्किटच्या पाटीकडे, जाणारी एक पातळ केबल. कॅमेरा आणि वाय-फायच्या अँटेनाही बहुधा तिथेच असतात. तुमचं एकही अक्षर, एकही फोटो या वरच्या भागात नसतो. फायली राहतात खाली, कीबोर्डच्या पोटात, एसएसडीमध्ये किंवा हार्ड डिस्कमध्ये. झाकण अख्खं निखळून पडलं तरी फायलींना धक्का लागत नाही.

म्हणूनच ‘डेटा रिकव्हरी’ या नावाने विकली जाणारी सॉफ्टवेअर घ्यायला धावू नका. ती पुसल्या गेलेल्या फायलींचे अवशेष शोधण्यासाठी असतात. तुमच्या फायली पुसल्या गेलेल्याच नाहीत. त्या दिसत नाहीत, इतकंच.

आणि हात काळे करण्याआधी पाच मिनिटं फोनवर घालवा. फोनच्या ब्राउझरमधून तुमच्या वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडच्या खात्यात शिरून बघा. विंडोज बऱ्याचदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर गुपचूप वनड्राइव्हवर चढवत असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. हवी असलेली फाइल तिथे सापडली तर पुढचं सगळं सावकाश करता येईल.

नेमकं काय मेलंय?

‘स्क्रीन गेली’ या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. कोणता आहे ते ओळखलं तर निम्मं काम होतं.

लॅपटॉप चालू करा आणि कान द्या. पंख्याचा आवाज येतो का? कॅप्स लॉकचं बटण दाबल्यावर त्याचा छोटा दिवा लागतो-विझतो का? हा दिवा बटणाच्या दाबाला दाद देत असेल तर संगणक जागा आहे. विंडोज असेल तर अजून एक खूण आहे. विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. विंडोज ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्याला चित्र पुरवणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू करतं आणि बहुतेक लॅपटॉपवर एक छोटा ‘टुक’ आवाज येतो. तो आवाज आला की समजा, आत सगळं ठीक चाललंय. क्वचित याच बटणांनी नुसता काळा पडलेला पडदा परतही येतो.

पडदा फुटलेला नाही, फक्त काळा आहे, असं असेल तर खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. अगदी पुसट अक्षरं किंवा चिन्हं दिसली तर पॅनेल जिवंत आहे, फक्त मागचा बॅकलाइट गेलाय. टॉर्चच्या उजेडात कसंबसं वाचत कामही उरकता येतं, मी ते करून पाहिलं आहे, डोळे मात्र दुखतात.

झाकण हळूहळू पुढेमागे केल्यावर चित्र येतं आणि जातं, असं होत असेल तर संशय बिजागरीतल्या केबलवर. हजारदा झाकण उघडून मिटून ती केबल झिजते. ज्या कोनात चित्र टिकतं त्या कोनात झाकणाला मागून पुस्तकांचा टेका द्या आणि लगेच फायली काढून घ्या. उद्या तो कोनही राहीलच असं नाही.

अर्धा पडदा फुटलाय आणि अर्धा दिसतोय, ही तर चांगली बातमी आहे. विंडोजचं बटण दाबून डावा किंवा उजवा बाण दाबला की उघडलेली खिडकी त्या बाजूच्या अर्ध्या भागात जाऊन बसते. दिसणाऱ्या अर्ध्यात काम करा.

टचस्क्रीन असलेला लॅपटॉप असेल तर मात्र एक खरा धोका आहे. फुटलेली टचस्क्रीन आपोआप स्पर्शाचे संकेत पाठवू लागू शकते. कुणी हात न लावता खिडक्या उघडतात, फोल्डर सरकतात, बटणं दाबली जातात. चुकून एखादं फोल्डर दुसऱ्यात जाऊन पडणं किंवा पुसलं जाणं यात अशक्य काही नाही. दुसरा पडदा जोडल्यावर पहिलं काम म्हणून डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली उपकरणांची यादी, उघडा, त्यात ‘ह्युमन इंटरफेस डिव्हायसेस’ या गटाखाली ‘एचआयडी-कंप्लायंट टच स्क्रीन’ शोधा आणि ती बंद करा. मगच फायलींना हात लावा.

दोन परिस्थितींत मात्र यातलं काहीही करू नका. लॅपटॉपमध्ये पाणी किंवा चहा गेला असेल तर तो चालू करून पाहायचा मोह टाळा, कारण ओल्या सर्किटमधून वीज गेली की नुकसान वाढतं. दुसरी परिस्थिती जुन्या फिरत्या हार्ड डिस्कची. तिच्यात चकत्या वेगाने फिरत असतात आणि वाचणारं टोक त्यांच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. पडण्याच्या धक्क्याने ते टोक चकतीवर आपटू शकतं. लॅपटॉप चालू केल्यावर आतून टक्-टक्-टक् असा ठरावीक लयीत आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. प्रत्येक फेरीगणिक चकतीवर ओरखडे पडत असू शकतात. हे काम धूळविरहित खोलीत डिस्क उघडणाऱ्या तज्ज्ञांचं आहे. एसएसडीत हलणारा भागच नसतो, म्हणून पडण्याने ती सहसा बिघडत नाही.

दुसरा पडदा

बहुतेकांचं काम इथेच होतं. कुठलाही मॉनिटर चालेल, टीव्ही चालेल, सभागृहातला प्रोजेक्टरही चालेल. लॅपटॉपच्या कडेला एचडीएमआयची चपटी खाच असेल तर साधी एचडीएमआय केबल पुरे. जुन्या लॅपटॉपला निळी, पंधरा छिद्रांची व्हीजीए असते, तीही चालते.

गोंधळ होतो तो यूएसबी-सीवर. ती लंबगोल, दोन्ही बाजूंनी बसणारी खाच दिसायला सगळीकडे सारखी, पण प्रत्येक खाचेतून चित्र बाहेर पडतंच असं नाही. काही खाचा फक्त चार्जिंग आणि फायलींची ने-आण करतात. खाचेशेजारी विजेसारखा बाण असेल तर ती थंडरबोल्ट, तिच्यातून चित्र मिळतं. डीपी अशी इंग्रजी अक्षरं जुळवून काढलेली डिस्प्लेपोर्टची खूण असेल तरीही मिळतं. काहीच खूण नसेल तर फोनवर तुमच्या लॅपटॉपचं मॉडेल टाकून आधी तपासा, केबल नंतर विकत घ्या.

आणखी एक फसवा प्रकार म्हणजे साध्या चौकोनी यूएसबी खाचेत बसणारे एचडीएमआय अडॅप्टर. त्यांना आधी लॅपटॉपमध्ये ड्रायव्हर बसवावा लागतो. पडदा दिसत नसताना ड्रायव्हर बसवणं म्हणजे नसती डोकेदुखी, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

केबल जोडा, टीव्हीवर योग्य इनपुट निवडा, मग लॅपटॉप सुरू करा. या क्रमाने केलं तर सुरू होतानाच लॅपटॉपला दुसरा पडदा सापडण्याची शक्यता जास्त असते. लगेच चित्र आलं तर छानच. नाही आलं तर विंडोजचं बटण धरून पी दाबा. पडद्याच्या कडेला एक छोटी यादी उघडते, तुम्हाला ती दिसणार नाही, पण तिच्यात क्रमाने चार पर्याय असतात: फक्त लॅपटॉपचा पडदा, दोन्हीकडे तेच चित्र, चित्र दोन्हींत पसरवा, फक्त दुसरा पडदा. खालचा बाण एकदा दाबून एंटर दाबा आणि पाच-सहा सेकंद थांबा. नाही आलं तर पुन्हा तेच करा. दोन-तीन प्रयत्नांत चित्र उमटतं. लॅपटॉपवर एखाद्या एफच्या बटणावर पडद्याचं चिन्ह छापलेलं असेल तर एफएन धरून ते दाबूनही हेच होतं.

कधी कधी टीव्हीवर नुसतंच पार्श्वभूमीचं चित्र येतं. ना चिन्हं, ना खालची पट्टी. लोक इथे हताश होतात. खरं तर इथे यश दारात उभं असतं. ‘चित्र दोन्हींत पसरवा’ हा पर्याय लागलाय आणि मुख्य भाग फुटक्या पडद्यावर आहे, एवढंच झालंय. वर सांगितलेली यादी पुन्हा उघडून खालचा बाण एकदा दाबा आणि एंटर करा, म्हणजे ‘फक्त दुसरा पडदा’ लागेल. किंवा विंडोजचं बटण आणि ई दाबून फायलींची खिडकी उघडा, ती फुटक्या पडद्यावर उघडली असेल तर विंडोजचं बटण, शिफ्ट आणि उजवा बाण एकत्र दाबा. खिडकी उडी मारून टीव्हीवर येते.

झाकण पूर्ण मिटू नका. बहुतेक लॅपटॉपमध्ये झाकणाच्या कडेला लोहचुंबक असतं. झाकण मिटलं की खालचा सेन्सर ते ओळखतो आणि लॅपटॉप झोपी जातो. अर्धवट उघडं ठेवा. पडद्यावरच्या भेगांवर पारदर्शक चिकटपट्टी लावली तर काचेचे कण कीबोर्डमध्ये पडत नाहीत. भेगेतून द्रव ओघळताना दिसला तर त्याला हात लावू नका, लागलाच तर साबणाने धुवा.

दुसऱ्या पडद्यावरही काहीच येत नाही, दुसरी केबल आणि दुसरा टीव्ही वापरूनही येत नाही, कॅप्स लॉकचा दिवाही लागत नाही, तर बिघाड पडद्याच्या पलीकडचा आहे. मग डिस्क बाहेर काढण्याचा विचार करावा लागतो. त्याकडे येतेच.

न बघता आत शिरणं

काही लॅपटॉप पासवर्ड टाकेपर्यंत दुसऱ्या पडद्यावर काहीच दाखवत नाहीत. म्हणजे पासवर्ड आंधळेपणाने टाकायचा. अवघड वाटतं, पण नाही. लॅपटॉप चालू करून दोन मिनिटं पूर्ण थांबा. मग एकदा एंटर दाबा, म्हणजे कुलूपबंद पडद्यावरचं चित्र बाजूला होऊन पासवर्डची जागा उघडते. चार सेकंद थांबा. कॅप्स लॉकचा दिवा बंद आहे ना ते बघा. पिन किंवा पासवर्ड सावकाश टाइप करून एंटर दाबा. बोटाचा ठसा लावायची सोय असेल तर मग विचारायलाच नको.

आपण कुठे आहोत तेच कळत नसेल तर नॅरेटर चालू करा: विंडोजचं बटण, कंट्रोल आणि एंटर. ही पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय विंडोजमध्ये मुळातच असते आणि पासवर्डच्या पडद्यावरही चालते. ज्यांना दिसत नाही ती माणसं रोज याच आवाजाच्या आधाराने अख्खा संगणक चालवतात, ईमेल लिहितात, प्रोग्रॅम लिहितात. त्या सोयीवर एक संध्याकाळ विसंबायला आपण घाबरण्याचं कारण नाही. टॅब दाबत पुढे सरका, नॅरेटर प्रत्येक बटणाचं नाव सांगतो. मॅकवर हेच काम व्हॉइसओव्हर करतं, ते कमांड आणि एफ५ दाबून सुरू होतं, आणि टच आयडी असलेल्या मॅकवर कमांड धरून टच आयडीचं बटण तीनदा दाबायचं. लिनक्सच्या गनोम डेस्कटॉपवर सुपर, ऑल्ट आणि एस.

एक गोष्ट अजिबात करू नका, ती म्हणजे अंदाजाने बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून काही बदलणं. तिथली सुरक्षेची एखादी सेटिंग हलली की लॅपटॉपला संशय येतो आणि तोही तीच ४८ आकडी किल्ली मागू लागतो.

रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्या संगणकावरून शिरता येईल का, असं खूप जण विचारतात. ती सोय आधीच चालू करून ठेवली असेल तर येईल. अपघातानंतर ती चालू करायला पडदाच लागतो, आणि विंडोजच्या होम आवृत्तीत आपला संगणक असा बाहेरून उघडू देण्याची सोय नाही.

किल्लीची गोष्ट

आता त्या ४८ आकड्यांबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त माणसं अडकतात.

विंडोजमधल्या कुलपाचं नाव बिटलॉकर. डिस्कवर लिहिलं जाणारं सगळं ते सांकेतिक रूपात लिहितं. डिस्क चोरीला गेली तरी चोराला नुसता कचरा दिसावा, हा हेतू. ते सांकेतिक लिखाण परत वाचनीय करणारी किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा-भागात ठेवलेली असते. लॅपटॉप नेहमीच्या पद्धतीने सुरू झाला की टीपीएम किल्ली पुढे करतो आणि मालकाला काही जाणवतही नाही. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की हा टीपीएम तिथे नसतो. मग उरतो एकच मार्ग, आणीबाणीसाठी बनवलेली ४८ आकडी किल्ली, सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत लिहिलेली.

आपण कधीच कुलूप लावलं नव्हतं, असं माणसं ठामपणे सांगतात आणि ती खरंच बोलत असतात. मायक्रोसॉफ्टचं खातं वापरून नवा लॅपटॉप सुरू केला की अनेक मॉडेलांवर हे कुलूप आपोआप लागतं, आणि विंडोज ११च्या २०२४ सालच्या आवृत्तीपासून तर ते आणखी सर्रास झालं आहे. यातली दिलासा देणारी बाजू अशी की कुलूप आपोआप लागतं तेव्हा किल्लीही आपोआप त्याच खात्यात जमा होते. फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरा, उपकरणांच्या यादीत लॅपटॉप शोधा आणि बिटलॉकरची किल्ली उघडा. एकाहून अधिक किल्ल्या दिसल्या तर डिस्क जोडल्यावर चौकटीत दिसणारा ओळख क्रमांक आणि यादीतला क्रमांक यांची सुरुवातीची आठ अक्षरं जुळवा. ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर किल्ली ऑफिसच्या आयटी विभागाकडे असते. आणि अशा लॅपटॉपचे स्क्रू स्वतः काढूच नका.

किल्ली मिळाली, किंवा कुलूपच नाही अशी खात्री झाली, की डिस्क काढायला हरकत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरीची जोडणी सोडवा. मध्ये मध्ये धातूच्या एखाद्या मोठ्या वस्तूला हात लावत राहा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल.

आत काय सापडेल ते लॅपटॉपच्या वयावर आहे. जुन्यात अडीच इंची चपटी पेटी असेल. तिला साटा जोडणी असते आणि साटा-ते-यूएसबी केबल तिला पुरते. नव्यात च्युइंगगमच्या पट्टीएवढी पातळ एम.२ एसएसडी असेल, बहुधा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, एकाच स्क्रूने धरलेली. इथे केसिंग घेताना चूक होते. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्याच आकारात साटा आणि एनव्हीएमई अशा दोन वेगळ्या जातीच्या एसएसडी येतात आणि एकीचं केसिंग दुसरीला चालत नाही. एसएसडीवरच्या लेबलवर जात लिहिलेली असते. सोनेरी दातांकडे पाहिलं तर एनव्हीएमईला साधारणपणे एक खाच असते, साटाला दोन. दोन्ही जाती चालणारी केसिंगही मिळतात आणि शक्य असेल तर तीच घ्यावीत.

काही स्वस्त आणि काही फार पातळ लॅपटॉपमध्ये डिस्क नावाची सुटी वस्तूच नसते, मेमरीच्या चिप थेट मदरबोर्डवर डाकलेल्या असतात. तिथे लॅपटॉप चालू ठेवूनच फायली काढता येतात.

डिस्क जोडल्यावर ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश आला तर कॅन्सल दाबा. शंभरदा आला तर शंभरदा कॅन्सल. याचा अर्थ फायली नाहीत असा नसतो. मॅकची किंवा लिनक्सची डिस्क विंडोजला वाचता येत नाही, तेव्हाही तो हेच म्हणतो. फॉरमॅट दाबलं तर मात्र शाबूत असलेल्या फायली तुम्ही स्वतःच्या हाताने घालवाल. एसएसडीवर तर पुसलेलं परत मिळवणं जवळपास अशक्य असतं, कारण मोकळी झालेली जागा ती आतल्या आत लगेच साफ करायला घेते.

‘या फोल्डरची परवानगी तुम्हाला नाही’ हा संदेश वेगळा आणि निरुपद्रवी आहे. दुसऱ्या संगणकावरच्या वापरकर्त्याचं फोल्डर आहे म्हणून विंडोज अडवतं. कंटिन्यू दाबा आणि थांबा. मोठं फोल्डर असेल तर हिरवी पट्टी बराच वेळ सरकत राहील.

मॅकबुक असेल तर

मॅकची रीत थोडी निराळी. चार्जर, टीव्ही किंवा मॉनिटर, बाहेरचा कीबोर्ड आणि माउस जोडा आणि झाकण पूर्ण मिटा. विंडोजच्या उलट, मॅक अशा जोडणीत झाकण मिटलेलं असताना जागा राहतो आणि सगळं चित्र बाहेरच्या पडद्यावर पाठवतो. कीबोर्ड वायरचा असलेला बरा, कारण सुरू होताना ब्लूटूथचा कीबोर्ड वेळेवर ओळखला जाईलच असं नाही.

इंटेलचा प्रोसेसर असलेल्या मॅकला आणखी एक सुंदर सोय आहे. तो सुरू करताना टी हे अक्षर दाबून धरलं की अख्खा मॅक स्वतःच एक बाहेरची डिस्क बनतो, आणि थंडरबोल्ट केबलने दुसऱ्या मॅकला जोडला की त्याच्या फायली तिथे दिसतात. पडदा लागतच नाही.

मॅकमधून एसएसडी काढण्याचा विचार मात्र सोडून द्या. २०१८ पासून आलेल्या मॅकबुक एअर आणि मॅकबुक प्रो मॉडेलांत मेमरी मदरबोर्डवर पक्की बसवलेली आहे आणि तिची किल्ली त्याच मदरबोर्डवरच्या सुरक्षा-चिपमध्ये कायमची बंद आहे. ती बाहेर काढता येत नाही, लिहून ठेवता येत नाही, दुसरीकडे नेता येत नाही. असा मॅक पडद्याविना चालू आहे तोवर फायली तुमच्या आहेत, म्हणून आजचं काम उद्यावर टाकू नका.

काय काय उचलायचं

आत शिरलात की आधी जे पुन्हा मिळणार नाही ते घ्या: स्वतः लिहिलेलं, स्वतः काढलेले फोटो, कागदपत्रांच्या प्रती. सिनेमे आणि सॉफ्टवेअर नंतर पाहता येतील. सी ड्राइव्हमधल्या यूजर्स फोल्डरात तुमच्या नावाचं फोल्डर असतं, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळं येतं. वनड्राइव्ह असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स त्याच्या पोटातही असू शकतात. तिथे ज्या फायलींवर ढगाचं चिन्ह आहे त्या लॅपटॉपवर नाहीतच, फक्त नावं आहेत. त्या खात्यातून उतरवाव्या लागतील. डाउनलोड्स लोक हमखास विसरतात आणि नेमकं तिथेच एखादं प्रमाणपत्र पडलेलं असतं.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड नुसतं फोल्डर कॉपी करून दुसऱ्या संगणकावर चालत नाहीत, ते त्या विंडोज खात्याशी बांधलेले असतात. ब्राउझर उघडून ते निर्यात करा किंवा ब्राउझरच्या खात्याशी जुळवून घ्या. लॅपटॉप चालू असतानाच हे जमतं, डिस्क काढून नाही. तो न उघडण्याचं हे आणखी एक कारण.

ज्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करणार ती फॅट३२ रचनेची असेल तर ४ जीबीहून मोठी एकही फाइल तिच्यावर बसणार नाही, भले शेकडो जीबी जागा रिकामी असो. एक्सफॅट असेल तर अडचण नाही. वेळेचा अंदाज हवा तर: जुन्या यूएसबी २.० खाचेतून १०० जीबी जायला पाऊण ते एक तास लागतो. हजारो छोट्या फायली असतील तर आणखी जास्त. लॅपटॉपला चार्जर लावून ठेवा आणि कटऐवजी नेहमी कॉपी वापरा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या जुळते का बघा, आणि चार-पाच फायली नव्या जागेवरून खरोखर उघडून बघा.

त्यानंतरच लॅपटॉप दुरुस्तीला द्या. देताना स्पष्ट सांगा की फक्त पॅनेल बदलायचं आहे, फॉरमॅट करायचं नाही. पॅनेल बदलायला फॉरमॅट करण्याची कधीच गरज नसते, आणि कुणी तसं म्हटलं तर लॅपटॉप उचलून परत या. पासवर्डही द्यायची गरज नाही, पासवर्डचा पडदा नीट दिसला की पॅनेल चालतंय हे सिद्ध होतं. पॅनेल बदलल्यामुळे बिटलॉकर किल्ली मागत नाही. मदरबोर्ड बदलला तर हमखास मागतो, कारण जुन्या टीपीएमबरोबर किल्लीही जाते. म्हणून मदरबोर्डचा विषय निघाला तर हो म्हणण्याआधी ती किल्ली खात्यातून काढून कागदावर उतरवा. मावसबहिणीने त्याच रात्री उतरवली, आठ गट, दोनदा वाचून ताळा केलेले. तो कागद आता तिच्या प्रबंधाच्या बांधलेल्या प्रतीत, शेवटच्या पानामागे आहे.